नुसतं आपल्या लॅपटॉपवर टेस्ट करून भागत नाही

मा. संपादक,

मिहान काय नि आयटी पार्क काय, नागपूरची पोरं जगभरचं सॉफ्टवेअर बनवतात, पण टेस्टिंग आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच वेळेत! विंडोजमध्ये आपल्या टाइमझोनचं नाव 'इंडिया स्टँडर्ड टाइम', लिनक्स आणि मॅकमध्ये 'एशिया/कोलकाता', कुठं अजून जुनं 'एशिया/कलकत्ता' पण चालतं, आणि सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मग पहाटे पाचला कॉटन मार्केटात फाडलेल्या बिलावर कालची तारीख येते आणि व्यापारी डोकं धरून बसतो ना भाऊ.

जुन्या तारखांचं तर विचारूच नका. 1942 ते 1945 युद्धामुळे भारताचं घड्याळ एक तास पुढं होतं. लिनक्सच्या टाइमझोन डेटाबेसात हे आहे, विंडोजच्या स्वतःच्या यादीत नाही, त्यामुळे 1943 ला जन्मलेल्या आजोबांची रात्री बाराची नोंद एकीकडून दुसरीकडे नेली की तासाचा फरक पडतो, कधी तारीखच बदलते.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी प्रॅक्टिकलमध्ये एवढं तरी घ्यावं, एकच प्रोग्राम तिन्ही सिस्टिमवर, घड्याळ न्यूयॉर्कचं लावून, मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ तासभर पुढं-मागं होतं त्या तारखांना चालवून बघायचा. फुकटात होते.

– एक टेस्टर, नागपूर