पऱ्याचं पाणी मोजायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या आषाढात सलग अकरा दिवस सूर्य दिसला नाही, आणि त्या अकराही रात्री आमच्या बावीस घरांत पऱ्याच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या, पाण्यावर केलेल्या विजेचे दिवे होते. पण खरे आभार मानायचेत ते त्याआधीच्या वर्षाचे. त्या वर्षी तुम्ही आम्हाला एक बल्बसुद्धा लावू दिला नाहीत.

तुमच्याआधी एक विक्रेता श्रावणातला पऱ्या बघून "बारा महिने पाच किलोवॅट" सांगून गेला होता. वर्गणीही जमायला लागली होती. तुम्ही आलात आणि विचारलंत, "गुढीपाडव्याला याला पाणी किती असतं?" जन्म गेला याच्या काठी, पण कुणालाच सांगता येईना.

मग तुम्ही पाटाच्या तोंडाशी दोनशे लिटरचा ड्रम ठेवून घेतलात नि वही माझ्या हातात दिलीत. दर रविवारी ड्रम किती सेकंदांत भरतो ते लिहायचं. दिवाळीनंतर वीस सेकंद, म्हणजे सेकंदाला 10 लिटर. शिमग्याला शंभर सेकंद. चैत्रात ड्रमच्या तळाला नुसती ओल आणि दोन सुकी पानं.

पाणी किती उंचीवरून खाली येणार ते मोजायला गवंड्याची पाण्याची नळी आणलीत. करवंदीच्या जाळ्यांतून टप्प्याटप्प्याने उतरत आपण 20 मीटर मोजले. शाळेच्या फळ्यावर तुम्ही गुणाकार मांडलात: 10 लिटर गुणिले 20 मीटर गुणिले गुरुत्वाकर्षणाचे 9.81, म्हणजे 1,962 वॅट. "यातलं निम्मं पाईप आणि यंत्र खाणार. उरलेलं तुमचं." म्हणजे साधारण एक किलोवॅट. घरटी 9 वॅटचे चार दिवे, बावीस घरांचे 792 वॅट. मी तिथल्या तिथे हिशेब केला आणि मला रडू आलं. पुरत होतं, काका!

यंत्र बसवणं त्यामानाने सोपं गेलं. चार तोट्यांची टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या झोतावर फिरणारं चाक; पाणी उतरलं की एकेक तोटी बंद करायची. अवघड होता तो पाट. तेच पाणी सुपारीच्या बागांना जातं. गावकीत दोन रात्री आवाज चढले, तुम्ही घोंगडीवर बसून सगळ्यांचं ऐकलंत. दिवसा बागा, दिवेलागणीपासून दहापर्यंत टर्बाइन, हे ठरलं तेव्हाच माझ्या मते आमची वीज तयार झाली. फाल्गुनापासून पाऊस लागेपर्यंत सोलर, हेही तुम्हीच पटवलंत. पाणी आटतं तेव्हा ऊन भरपूर असतं, इतकी साधी गोष्ट.

त्याच रात्री तुम्ही नंदुरबारमधल्या बिलगावची हकिगत सांगितलीत. केरळातल्या अभियंत्यांच्या मदतीने गावाने श्रमदान करून 2003 साली 15 किलोवॅटचा प्रकल्प उभा केला, आणि 2006 मध्ये तो सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्यात बुडाला. आमच्यातली म्हातारी माणसंही गप्प झाली होती. त्या लोकांनी स्वतः बांधलेलं होतं ते. आता आमचा पाईप बघताना मला तेच आठवतं.

पावसात जाळीत पालापाचोळा अडकतो. पाळी असेल त्या घराने पहाटे काढायचा, आजवर एकही पाळी चुकलेली नाही. ड्रम अजून तिथेच आहे. वही आता माझी मुलगी लिहिते, परवाच्या रविवारी एकोणीस सेकंद भरले.

पुढच्या महिन्यात बांध घालायचा आहे. तुम्ही यावं, ही विनंती.

आपली नम्र,
वाडीतल्या बावीस घरांच्या वतीने