ओवीच्या जीपची बॅटरी

सांगली

प्रिय संज्या,

ओवीची बसून चालवायची खेळण्यातली जीप बंद पडल्याचा तुझा निरोप मिळाला, जीपचा फोटोही पाहिला. फोटो झकास आहे, बोनेटवर ओवीने चिकटवलेली फुलपाखरंसुद्धा दिसतात, पण मला जे हवं ते त्यात नाही. तू दुकानात जाऊन "अमक्या कंपनीच्या लाल जीपची बॅटरी द्या" म्हणालास आणि त्याने "ती येत नाही, नवी गाडीच घ्या" असं सांगितलं. तो तेच सांगणार. ही असली जीप बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकली जाते आणि आत काय बसवलंय ते नावावरून कळत नाही. म्हणून गाडीचं नाव विसर. सीट काढ आणि खालच्या काळ्या किंवा राखाडी डब्यावर काय छापलंय ते वाच.

'६-एफएम-७' असं काहीतरी असेल. पहिला आकडा कप्प्यांचा. शिसं-आम्लाच्या बॅटरीत एक कप्पा साधारण २ व्होल्टचा, म्हणजे ६ कप्पे झाले १२ व्होल्ट. तिथे ३ असेल तर ६ व्होल्ट. शेवटचा ७ म्हणजे ॲम्पियर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; दुकानदार त्याला 'एएच' म्हणतो. शेजारी '२० एचआर' लिहिलेलं असतं, ते कुणी बघत नाही. त्याचा अर्थ असा की ०.३५ ॲम्पियरच्या संथ वेगाने काढलंस तर ती वीस तास पुरेल. जीपच्या मोटरी त्याच्या कितीतरी पट करंट ओढतात, आणि जास्त ओढलं की बॅटरी हिशेबापेक्षाही लवकर बसते. त्यामुळे ७ ॲम्पियर ओढून पुरा एक तास मिळेल असं ओवीला कबूल करू नकोस.

पण आधी बॅटरीच गेली आहे का, ते बघ. व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे मिळेल. पहिल्यांदा चार्जर तपास, कारण तो बॅटरीपेक्षा स्वस्त. १२ व्होल्टच्या गाडीचा चार्जर बॅटरीला न जोडता मोकळा लावला की मीटरवर साधारण १४-१५ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य असेल तर विषय तिथेच संपला. मग बॅटरी रात्रभर चार्ज करून, काढून, दोन-तीन तास तशीच ठेव आणि मीटर लाव. १२.७ च्या आसपास हवी. १०.५ वर अडकली असेल तर बहुधा एक कप्पा मेला. मात्र १२.५ दिसले म्हणून खूश होऊ नकोस. जुनी बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी असते, उभी धडधाकट आणि जू ठेवलं की गुडघे टेकते. जीप उलटी करून चाकं हाताने थोडी अडव, कुणाला तरी पॅडल दाबायला सांग आणि तेव्हा मीटर बघ. काटा धाडकन ९-१० वर आला तर तिचा निकाल लागला. पावसाळाभर जीप जिन्याखाली पडून होती म्हणालास ना? तेच कारण असणार. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की आतल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही. म्हणून गाडी वापरात नसली तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करायची.

सीटखाली एकाऐवजी दोन छोट्या बॅटऱ्या निघाल्या तर जरा थांब. ६ व्होल्ट ४.५ एएचची जोडी फार गाड्यांत असते. एकीची प्लस दुसरीच्या मायनसला छोट्या वायरने जोडलेली असेल तर मिळून १२ व्होल्ट, आणि एएच मात्र ४.५ च राहतात. प्लसला प्लस असेल तर ६ व्होल्टच, एएच दुप्पट. दोन्ही एकदम बदल. एक नवी, एक जुनी असा संसार टिकत नाही. आणखी एक गंमत सांगतो: या जोडीची जागा जवळपास १२ व्होल्ट ४.५ एएचच्या एका बॅटरीएवढीच असते (साधारण ९०×७०×१०१ मिमी), त्यामुळे मधली वायर काढून ती एकच बसवता येते. पण प्रत्येक बॅटरीच्या वायरी गाडीत वेगवेगळ्या गेल्या असतील तर हा उद्योग करू नकोस, जोडीच आण.

१२ व्होल्ट ७ एएच निघाली तर तुझं नशीब. ही तीच बॅटरी, जी संगणकाच्या यूपीएसमध्ये असते: १५१ मिमी लांब, ६५ रुंद, ९४ उंच. खेळण्याच्या दुकानात जायचंच कारण नाही. फवारणी पंपातही बहुधा १२ व्होल्ट ८ एएचची असते, ती कृषी सेवा केंद्रात मिळेल. फक्त पट्टी घेऊन मापं काढ, आणि टोकांच्या पट्ट्या बघ. त्या दोन रुंदीच्या येतात, ४.८ मिमी आणि ६.३ मिमी. अरुंद पट्टीवर रुंद लग (वायरीच्या टोकाची क्लिप) बसवला तर तो सैल राहतो, तापतो, ठिणग्या पडतात. दुकानातच मीटर लावून घे. नवी बॅटरी १२.५ च्या खाली दाखवत असेल तर ती बरेच दिवस फळीवर पडून आहे, दुसरी माग. स्कूटरची ॲसिडवाली तर अजिबात नको, पोराच्या बुडाखाली ॲसिड सांडलेलं परवडत नाही.

आता तुझ्या मेहुण्याचा '२४ व्होल्ट टाक, पळेल' हा सल्ला. पळेल, दोन दिवस. मग मोटरी जळतील, प्लास्टिकचे गिअर झिजतील, आतलं इलेक्ट्रॉनिक किट उडेल. व्होल्ट बदलायचे नाहीत. एएच थोडे वाढले तर चालतात, गाडी जास्त वेळ चालेल आणि त्याच चार्जरने चार्जिंगला जास्त वेळ लागेल, इतकंच. लिथियमचं कौतुक सगळीकडे ऐकतोस, पण तिला वेगळा चार्जर आणि वेगळं संरक्षण लागतं. या जीपसाठी नको.

बॅटरीच्या वायरीत फ्यूज असेल. तो उडाला म्हणून कुणी सरळ वायर जोडून द्यायला निघाला तर हात धर. १९९८ साली अमेरिकेत फिशर-प्राइसला पॉवर व्हील्सच्या एक कोटीपर्यंत गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या, विजेचे भाग तापून आगी लागण्याच्या धोक्यापायी. आपल्याला ओवीच्या जीपमध्ये ती जोखीम नको.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नकोस, आत शिसं आहे. नवी घेताना देऊन टाक, थोडे पैसे कमी होतील.

लेबलचा, पट्ट्यांचा आणि चार्जरच्या मागच्या मजकुराचा फोटो पाठव, म्हणजे नेमकं काय मागायचं ते सांगतो. इथून पाठवली असती, पण कुरियरवाले बॅटरी म्हटलं की नाक मुरडतात. लातूरलाच घे.

वहिनींना नमस्कार, ओवीला पापा.

तुझाच,
दिल्या

ता. क. नवी बॅटरी जोडल्यावर रिमोट चालला नाही तर घाबरू नकोस. बऱ्याच गाड्यांत तो पुन्हा जोडून घ्यावा लागतो. रिमोटवरचं जोडणीचं बटण दाबून ठेव आणि मग गाडी चालू कर.