ट्रकचं इंजिन काढलंय, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, आधी खुर्चीवर बसा. आणि आईला बोलवा, पत्रात तिचाही वाटा आहे. तुम्ही तिला नेहमी अर्धंच वाचून दाखवता.

उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला म्हणून मी पुण्याला आणलेला तुमचा रिमोटवर पळणारा छोटा ट्रक तयार आहे. सर्व्हिसिंग झालं, फक्त इंजिन परत बसवलेलं नाही. त्या जागी विजेवरची ब्रशलेस मोटार आहे आणि टाकीच्या जागी बॅटरी. झालं, सांगून टाकलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुमचं उत्तर मला तोंडपाठ होतं: "मी मेल्यावर कर तुले काय करायचं ते." मग विचारायचं कशाला!

आता कारणं ऐका. अमरावतीच्या डॉक्टरांनी धूर बंद सांगितला तेव्हा तुम्ही बिडी सोडली, धुऱ्यावर कचरा जाळण्यावरून शेजाऱ्यांशी भांडलात, आणि घरी येऊन पुन्हा त्या ट्रकचं इंजिन सुरू करायची दोरी ओढायला बसलात. त्या इंधनात असतं काय? मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. टू-स्ट्रोक असल्यामुळे तेल इंधनातच मिसळलेलं, आणि त्यातलं बरंचसं न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. हे तुम्हाला मी काय शिकवू, आयुष्य डेपोत गेलंय तुमचं. पण कार्बोरेटरची सुई जुळवताना तुम्ही ट्रकवर वाकता, कान इंजिनाजवळ, नाक सायलेन्सरजवळ. मे महिन्यात फोनवर मला आधी तुमचा श्वास ऐकू यायचा, शब्द मागून.

शिवाय तो डबा. गुलाबी रंगाचं इंधन, कोपऱ्यातल्या फळीवर, आईच्या लिंबाच्या बाटल्यांशेजारी. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. ते पेटलं तर भर उन्हात त्याची ज्वाळा धड दिसतही नाही. आपला छोटा चिंगू आता फळीपर्यंत पोचतो. एवढं एकच कारण असतं तरी मी इंजिन काढलंच असतं.

आणि बाबा, संत्र्याला फवारायचा पेट्रोलवरचा पंप विकून बॅटरीचा पंप कुणी आणला? 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यानंतर तुम्हीच गावभर तोंडाला फडकं बांधा म्हणून सांगत फिरलात. पंपाच्या वेळी म्हणालात, पाठीवर हिसके नाहीत, कानाला त्रास नाही, चांगलं आहे. मग ट्रकनं काय पाप केलं?

आवाजाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो गेला. सकाळी गारव्यात सुरू केला की पहिला मिनिटभर भरभर करत राहायचा, मग तुम्ही सुई किंचित फिरवली की एकदम स्वच्छ वाजायचा, ते मलाही आठवणार आहे. हेडवर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात चुर्र होतो यावरून तुम्ही इंजिनाचा ताप सांगायचे. मी नंतर थर्मामीटर आणला तर तुम्ही तो आईला दुधासाठी देऊन टाकला.

पण एक सांगू? मी सहावीत असताना पेचकसाची मूठ माझ्या कानाला लावून, टोक चालू इंजिनाच्या अंगावर टेकवून तुम्ही विचारलं होतं, "काय ऐकू येते वं?" मी म्हटलं, कुणीतरी दात खातंय. तुम्ही इतके हसलात, आणि बेअरिंग बदललं. मी आज मोटारींच्या कंपनीत पोट भरून राहिली आहे ते त्या पेचकसामुळे. कंपनीतली पोरं स्क्रीनवर आलेख बघतात, मी अजून आधी कान लावते. तर या ट्रकमध्ये कानाचं काम संपलेलं नाही, उलट इंजिनाच्या गोंगाटात जे बुडत होतं ते आता ऐकू येईल. पिनियनची, म्हणजे मोटारीवरच्या छोट्या दातेरी चाकाची, आणि मोठ्या दातेरी चाकाची सांधणी घट्ट झाली तर किंचाळते, सैल झाली तर खडखडते आणि चाकाचे दात खाते. मधे कागदाची पट्टी घालून दोन्ही दाबायचे, मोटार कसायची, पट्टी ओढून काढायची. तेवढी फट पुरे. मी बसवलंय, पण माझ्या हातावर विश्वास ठेवू नका, तुम्ही तपासा.

काय काय केलं ते सांगते, म्हणजे उघडल्यावर धक्का बसणार नाही. क्लच, क्लचबेल, फ्लायव्हील निघालं. इंजिनाला बसल्या जागी ताकद नसते म्हणून त्याला क्लच लागतो. मोटार शून्यापासूनच ओढते, म्हणून पिनियन थेट तिच्या दांड्यावर. त्याचा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर बसवून तो सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉक लावलाय. दोन स्पीडचा गिअर होता, आता एकच ठेवला. ब्रेकची चकती आणि थ्रॉटल हलवणारा सर्व्हो काढले, कारण ब्रेक आता मोटारीला वीज सोडणारा स्पीड कंट्रोलरच लावतो, आणि रिमोटचा इशारा पकडणाऱ्या रिसीव्हरलाही वीज तोच देतो. म्हणजे रिसीव्हरचे ते छोटे सेल गेले. विहिरीजवळचा प्रसंग मी पुन्हा काढत नाही, पण तो कशामुळे झाला हे तुम्हाला माहीत आहे. सेल बसले, थ्रॉटल उघडाच राहिला. आता बॅटरी बसली तर मोटारच बसते.

आणि रिव्हर्स आहे, बाबा! मेंदीच्या कुंपणात नाक खुपसलं की चालत जाऊन फिरवायला नको.

मोटार 2000 केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 2000 फेरे, बिनभाराचे. बॅटरी चार सेलची, 14.8 व्होल्ट. म्हणजे साधारण 29,600. तुमचं 3.5 सीसीचं इंजिन भरात असताना त्याच्याच आसपास जायचं, तेव्हा ट्रक म्हातारा झाला असं समजू नका. उलट सुरुवातीचा झटका इतका आहे की पूर्ण ट्रिगर दाबला तर पुढची चाकं उचलतो. मी झटका कमी करून ठेवलाय, वाढवू नका. वाढवणार, माहीत आहे. निदान माझ्यासमोर वाढवा.

सोबत तीन पिनियन आहेत, 11, 13 आणि 15 दातांचे. 13 चा बसवलाय. तुमचं खरं काम इथून सुरू होतं. पाच मिनिटं पळवा, थांबवा, मोटारीला बोट लावा. बोट टिकत नसेल तर दात जास्त झाले, 11 चा घाला. पावसाळ्यात काळी माती चाकांना चिकटून टायर दुप्पट जड होतात, तेव्हा 15 चा चुकूनही नको. पऱ्हाटीच्या वावरातून आणला तर अ‍ॅक्सलला गुंडाळलेला कापूस आधी काढा, नाहीतर मोटार उगाच तापते. चिखलातून आणून पाण्याच्या पाइपाखाली धरायचा नाही. ब्रशनं झाडा.

आई, आता तू. दोरीवरच्या कपड्यांवर तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत आणि वड्या-पापड अंगणात निवांत वाळतील. बाबांच्या उजव्या खांद्याला रोज रात्री तुला तेल चोळावं लागतं ते निम्मं त्या दोरीमुळे. दोरीच गेली. दुपारी तुझा डोळा लागला असेल तेव्हाही त्यांनी ट्रक फिरवला तर तुला कळणार नाही. त्यांच्यावर ओरडायला एक कारण कमी झालं, दुसरं तू शोधशीलच. त्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक पुडी मिळेल, ती फळीवरून भंगारवाल्याला देऊ नकोस. ते इंजिन आहे. आतून आफ्टर-रन तेल सोडून, तोंडं बंद करून ठेवलंय, गंजणार नाही. आणि बाबा, चेसिसची जुनी भोकं मी बुजवलेली नाहीत. मोटारीसाठी वेगळी पट्टी लावली आहे. छाती बरी झाली, डॉक्टरांनी लिहून दिलं, तर पाहू. लिहून दिलं तर!

ट्रक कुरिअरनं येतोय, बॅटऱ्या त्यात नाहीत. लिथियमच्या बॅटऱ्या कुरिअरनं पाठवायचे नियम कडक आहेत, शिवाय त्या आधी आल्या तर तुम्ही माझी वाट बघणार नाही. मी पोळ्याच्या दोन दिवस आधी घेऊन येते. तान्ह्या पोळ्याला चिंगूचा लाकडी नंदी या ट्रकनंच ओढायचा, मागच्या खेपेसारखी लेकरं आवाजानं रडायची नाहीत.

तोवर काही गोष्टी घोकून ठेवा. आधी रिमोट चालू, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. बॅटरी जोडलेली असताना दात्यांत बोट घालायचं नाही. इंजिन बंद असलं की कळायचं, मोटार गप्प असते म्हणून ती मेलेली समजू नका. चार्जिंग 5 अँपिअरवर, बॅलन्सची बारकी वायर लावूनच, सिमेंटच्या ओट्यावर, मी देईन त्या पिशवीत. गादीवर नाही, झोपताना नाही, चार्जिंगला लावून वावरात जायचं नाही. वीज गेली तर चार्जिंग थांबतं, त्यानं बिघडत काही नाही, आल्यावर पुन्हा लावा. दोन-तीन दिवस चालवणार नसाल तर दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवायची, चार्जरवर स्टोरेज म्हणून बटण आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 च्या वर पारा जातो, तेव्हा टिनाच्या खोलीत अजिबात नाही. आईच्या कूलरच्या खोलीत ठेवा, ती हो म्हणाली आहे. म्हणजे आता म्हणेल. बॅटरी फुगली तर टोचायची नाही, उकिरड्यात टाकायची नाही, लावायची तर नाहीच. मला फोन करायचा.

फळगळीची फवारणी मजुराकडून करून घ्या, तुम्ही धुऱ्यावर उभं राहून सांगा काय सांगायचं ते. इनहेलर घेतल्यावर चूळ भरता का? आई, भरतात का ते मला वेगळा फोन करून सांग. छातीच्या एक्स-रेचा लिफाफा कपाटातून काढून ठेवा, पोळा झाला की तिसऱ्या दिवशी आपण अमरावतीला जातोय. वेळ घेऊन ठेवली आहे. हेही विचारलं नाही.

तुमची,
मिनू