घरांच्या छोट्या जाहिरातींत कार्पेट एरिया हवाच

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकात ‘घर विकणे’ आणि ‘भाड्याने देणे’ या रकान्यांत ‘प्रशस्त’, ‘आलिशान’, ‘मोक्याची जागा’ हे शब्द भरपूर असतात, पण घर नेमके किती चौरस फुटांचे हे बहुतेकदा नसते. असलेच तर तो आकडा कार्पेटचा (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) की सुपर बिल्टअपचा (त्यात भिंती आणि जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटाही धरलेला), ते कळत नाही. फरक मामुली नाही. ६५ लाखांचा फ्लॅट १००० चौ. फूट सुपर बिल्टअप म्हणून छापला की चौरस फुटाचा दर ६,५०० रुपये दिसतो. त्याचा कार्पेट ६५० निघाला तर खरा दर १०,००० रुपये पडतो.

घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप-वायरींची उभी पोकळी), बाल्कनी आणि खासगी टेरेस धरायचे नाहीत. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो, आणि जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला कलम १२ खाली भरपाई मागता येते. जुन्या घराच्या फेरविक्रीला मात्र असा नोंदणी क्रमांकच नसतो. तिथे जाहिरातीचा मजकूर हीच ग्राहकाची पहिली माहिती, म्हणून तो नेमका असणे जास्त गरजेचे आहे.

‘स्टेशन ५ मिनिटे’ याचा अर्थ चालत सुमारे ४०० मीटर. अंतर १.४ किलोमीटर असेल तर साधारण १८ मिनिटे लागतात. तेवढेच लिहावे आणि शेअर रिक्षा मिळत असेल तर तेही सांगावे. ‘हवेशीर’पेक्षा ‘पूर्व-पश्चिम खिडक्या’ अधिक सांगते, ‘मोठा हॉल’पेक्षा ‘हॉल १० बाय १६’. पार्किंगच्या बाबतीत तर विशेष जपावे. स्टिल्टखालची (इमारतीच्या तळाशी खांबांमधली) जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. म्हणून जागा सोसायटीने वापरायला दिलेली असेल तर तसेच छापावे, ‘स्वतःचे पार्किंग’ म्हणू नये.

उणी बाजू लपवून काही साधत नाही. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही हे आधीच छापले तर फोन कमी येतात, पण येतात ते घर बघायला तयार असलेल्यांचे. लपवले तर गिऱ्हाईक जिना चढून येते, चिडते आणि भाव पाडून मागते.

भाड्याच्या जाहिरातींतली ‘अमुक समाजालाच’, ‘बॅचलर नकोत’, ‘फक्त शाकाहारी’ ही वाक्ये आम्हाला मनापासून खटकतात. ती घराबद्दल काहीच सांगत नाहीत. वाचणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवतात. मालकाची खरी काळजी भाडे वेळेवर येणे, घरात गर्दी न होणे आणि कागदपत्रे नीट असणे हीच असेल, तर तेच लिहावे: ‘जास्तीत जास्त ३ जण, ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार, पोलीस पडताळणी आवश्यक.’ ही अट सगळ्यांना सारखी लागू होते.

चांगली जाहिरात लांबलचक असावी लागत नाही. नमुना असा: ‘डोंबिवली पूर्व, स्टेशन १.४ किमी, वन बीएचके, कार्पेट ४१० चौ. फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पूर्व-पश्चिम खिडक्या, पाणी सकाळ-संध्याकाळ, भोगवटा प्रमाणपत्र आहे, मेंटेनन्स २,२०० रु., किंमत ४८ लाख.’

आपल्याला विनंती अशी, की छोट्या जाहिरातींच्या अर्जात कार्पेट, मजला-लिफ्ट आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) हे तीन रकाने सक्तीचे करावेत. जाहिरातीचे पैसे शब्दांवर मोजले जातात, त्यामुळे पैसे वाचवताना लोक हीच माहिती आधी गाळतात. या तीन रकान्यांतल्या शब्दांचे पैसे लावू नयेत.

आपले,
फेरविक्रीच्या घरांचे व्यवहार करणारे काही नोंदणीकृत एजंट, ठाणे जिल्हा