कृत्रिम खुब्याची दरवर्षी तपासणी व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या आईचा उजवा खुबा बारा वर्षांपूर्वी बदलला. ती पुन्हा कापूस वेचणीला जाऊ लागली आणि दुखत नाही म्हणून आम्ही तिला दाखवायला नेले नाही. दरवर्षी एक्स-रे काढा, असे सुटी देताना आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते. यंदा दिवाळीनंतर उठताना तिच्या जांघेत कळ येऊ लागली आणि पाय आखूड पडू लागला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा कृत्रिम सांध्याचा गोळा जिच्यात फिरतो त्या धातूच्या वाटीमागे जिथे पांढरे हाड दिसायला हवे, तिथे सुपारीएवढ्या दोन काळ्या पोकळ्या होत्या.

वाटीतले प्लास्टिकचे अस्तर वर्षानुवर्षे घासले जाते, त्याचे अतिसूक्ष्म कण गिळणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि त्यातून भोवतालचे हाड विरघळू लागते. ही झीज बहुधा मुकाट्याने होते. दुखू लागते तोवर सांधा अनेकदा ढिला झालेला असतो. आधुनिक अस्तर पुष्कळ कमी झिजते, परंतु जुने सांधे घेऊन वावरणारे आईसारखे रुग्ण गावोगावी आहेत.

दुरुस्ती सोपी नव्हती. सांध्यातले पाणी तपासून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केल्यावर मुंबईत ढिली वाटी काढली, इतर रुग्णांच्या खुब्यातून निघालेल्या आणि हाडपेढीत गोठवून ठेवलेल्या हाडाचा चुरा पोकळ्यांत ठोकून ठोकून घट्ट भरला आणि त्यावर नवी वाटी स्क्रूने बसवली. त्या चुऱ्याच्या आधाराने तिचे स्वतःचे हाड हळूहळू धरते, म्हणून अजून तिला त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. झीज याहून मोठी असती, तर टँटलम धातूचे सच्छिद्र ठोकळे किंवा सीटी स्कॅनवरून मुद्दाम घडवलेली वाटी लागली असती, असे डॉक्टर म्हणाले.

धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी रुग्णालये यांना माझी कळकळीची विनंती आहे, की सुटीच्या कार्डावर बसवलेल्या सांध्याचे नाव व पुढच्या एक्स-रेची तारीख ठळक लिहावी आणि न आलेल्या रुग्णाला फोन करावा. रुग्णांच्या घरच्यांनीही शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म जपावी. ती शेजारी ठेवली, की वाटी किती सरकली ते लगेच कळते. आमची फिल्म घर रंगवताना रद्दीत गेली होती.

आपला,
एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)