थिसिसच्या आभारपानात न मावलेलं

आदरणीय मॅडम,

थिसिसच्या आभारपानात विभागप्रमुख, गाइड, आई-बाबा अशी नावं ठरलेल्या क्रमाने येतात. तुम्ही माझ्या गाइड नव्हतात, सर्जरीच्याही नव्हतात. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागातल्या तुमच्या मदतीचा उल्लेख एका ओळीत उरकला गेला. ते मला टोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

एम.एस.च्या पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे आले ती सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, दाखवायला. रात्रभर इमर्जन्सी होती, डोळे मिटत होते. विषय होता इमर्जन्सी लॅपरोटॉमीनंतर (तातडीने पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर) जखमेत होणारा संसर्ग. सँपल साइज (अभ्यासात घ्यायचे रुग्ण) ३० लिहिला होता, कारण सीनियरने तेवढाच घेतला होता. तुम्ही रागावला नाहीत. आधी चहा दिलात, मग पाठकोऱ्या कागदावर सूत्र मांडलंत: चार पीक्यू भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे संसर्गाचं टक्क्यांतलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले टक्के, एल म्हणजे उत्तरात चालणारी चूक. संसर्गाचं प्रमाण २० टक्के धरलं, तर ३० रुग्णांवरून निघालेलं उत्तर साधारण ५ ते ३५ टक्क्यांत कुठेही असू शकतं, हे माझ्याच हातून काढून घेतलंत. ही फट दोन्ही बाजूंना ८ टक्क्यांवर आणायची, तर १०० रुग्ण लागतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स मी पास झाले होते, पण सूत्र कळलं ते त्या दुपारी.

संमतीपत्रात मी ‘शस्त्रक्रियापश्चात व्रणसंसर्ग’ लिहिलं होतं. तुम्ही ते खोडून ‘टाक्यांच्या जागी पू होणं’ केलंत आणि वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवायला लावलंत. त्यांना समजलं, मगच कागद एथिक्स कमिटीकडे गेला.

पण खरं ऋण तिसाव्या दिवसाचं. ऑपरेशनपासून ३० दिवसांत झालेला संसर्ग मोजायचा, ही व्याख्या मीच लिहिली होती. रुग्ण मात्र टाके काढून बाराव्या-चौदाव्या दिवशी घरी जायचे आणि माझ्या मास्टर चार्टमध्ये (सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यात) त्यांच्यापुढे ‘संसर्ग नाही’ पडायचं. तुम्ही विचारलंत, “पंधराव्या दिवशी कुणी बघितलं?”

मग फोन सुरू झाले. ऊसतोडीला गेलेल्या एका दादांचा नंबर लागेना; शेवटी मुकादमाच्या फोनवर ते बोलले. विसाव्या दिवशी जखम उघडली होती. फडातून उठून जवळच्या गावातल्या डॉक्टरांकडे रोज ड्रेसिंगला जात होते. माझ्या चार्टमध्ये ते बरे होते. त्यांचे टाके मीच घातले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

ज्यांचा फोन लागलाच नाही, त्यांना ‘संसर्ग नाही’मध्ये ढकलू नको, वेगळं दाखव, असं तुम्ही बजावलंत. तो रकाना वाढत गेला तशी परीक्षकांची धास्ती वाटू लागली. तुम्ही एवढंच म्हणालात, “खरं आहे ना? मग राहू दे.” राहू दिलं. परीक्षेत पहिला प्रश्न त्याच रकान्यावर आला आणि मला त्याचं उत्तर देता आलं.

आमच्या युनिटमध्ये आता डिस्चार्ज कार्डावर तिसाव्या दिवसाची तारीख घालतात, सोबत घरच्या किंवा शेजारच्या कुणाचा तरी नंबर. ऊसतोडीला जाणारा रुग्ण असला, तर ज्युनियर मुकादमाचाही नंबर विचारून घेतो. तो पाठकोरा कागद माझ्या वहीत जपून ठेवला आहे.

तुमची विद्यार्थिनी