साहेब, माझ्या लेकीला एकदाचं सांगून मोकळं होऊ द्या

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

पत्राखाली माझं नाव नाही. भीतीपोटी नव्हे. बापाच्या नावावरून लेकीची ओळख पटते, आणि लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ ती ओळख झाकून ठेवायला सांगतं. मी हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे, एवढं पुरे.

मुलगी दुसरीत होती तेव्हा शिकवणीच्या सरांनी तिच्याशी जे केलं ते इथे लिहिणार नाही. ती आता चौथीत आहे. तिची साक्ष अजून व्हायची आहे.

तारीख जवळ आली की वकील म्हणतात, "पोरीला एकदा सगळं विचारून ठेवा, ऐनवेळी अडखळायला नको." समुपदेशक ताई म्हणतात, "ती विसरायला लागली आहे, आता उकरू नका." दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. मग आदल्या रात्री तिची आई तिला जवळ घेऊन बसते आणि मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो. सकाळी शाळा बुडवून सिव्हिल लाइन्सला जायचं, दुपारपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. त्यानंतर आठवडाभर ती अंथरूण ओलं करते. सावरते न सावरते तोच पुढची तारीख. असं चारदा झालं.

गेल्या खेपेला ऑटोत तिनं विचारलं, "बाबा, मी सांगितलेलं त्यांनी लिहून नाही ठेवलं का?"

लिहून ठेवलंय, साहेब. आईला सांगून झालं, मग ठाण्यात, डॉक्टर मॅडमना, बाल कल्याण समितीपुढे, मॅजिस्ट्रेटसमोर. कलम २४ म्हणतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा आणि अधिकारी गणवेशात नसावा. आम्ही रात्री साडेनऊपर्यंत ठाण्यात बसून होतो. महिला अधिकारी मायेनं बोलल्या, हेही नमूद करतो. पण आजूबाजूला वर्दीतली माणसं ये-जा करत होती आणि पोरगी प्रत्येक बुटाच्या आवाजाला दचकत होती.

कायदा मला आता पाठ झालाय. कलम ३५ सांगतं, विशेष न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. कलम ३३ म्हणतं, मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, बालदिनापासून, लागू आहे. माझ्या मुलीच्या जन्माच्या आधीपासून.

न्यायालय आपल्या अखत्यारीत नाही, हे मला समजतं. पण त्या चार तारखा कशानं गेल्या ते बघा. एकदा पोलिसांनी मुद्देमाल आणला नव्हता. एकदा बचाव पक्षानं मुदत मागितली. आणि दोनदा आरोपीला तुरुंगातून आणायला गार्ड मिळाला नाही, कारण सगळं मनुष्यबळ हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात होतं. विदर्भाचं गाऱ्हाणं जवळून ऐकलं जावं म्हणून १९५३ च्या नागपूर करारात इथल्या अधिवेशनाची तरतूद झाली. विधानभवन आणि जिल्हा न्यायालय, दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच. त्याच अधिवेशनापायी माझ्या पोरीचं गाऱ्हाणं ऐकायचं राहून गेलं, हे मनाला फार लागतं.

याच शहरातल्या एका बारा वर्षांच्या मुलीचा खटला आपल्याला आठवत असेल. घटना २०१६ ची. कपड्यांवरून केलेला स्पर्श म्हणजे लैंगिक हल्ला नव्हे, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दिला, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. शेवट बरोबर झाला. पण त्यात जवळपास पाच वर्षं गेली, आणि तेवढ्यात त्या मुलीचं बालपण संपलं होतं.

लोक मला विचारतात, फाशी मागत का नाही? २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ६ मध्ये फाशीही आली आहे. शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीश बघतील. खटला पुढे कितीही चालो, मी चकरा मारीन, रोजी बुडवीन. मुलीला मात्र त्यातून लवकर मोकळं करा.

त्यासाठी आपल्या हातात बरंच आहे. पॉक्सो खटल्यात मुलाची साक्ष असेल त्या दिवसाचा गार्ड आणि तपास अधिकारी बंदोबस्तातून वगळा, तसा लेखी आदेश काढा. कलम ३६ प्रमाणे मुलीनं आरोपीचं तोंड बघायचंच नाही. मग तो तुरुंगातून व्हिडिओवर हजर राहिला, त्याला सगळं ऐकू आलं, त्याच्या वकिलाशी बोलता आलं, तर साक्ष का थांबावी? आपल्या तुरुंगांत ती सोय रोज चालू राहील एवढं बघा, आणि सरकारी वकिलांना कोर्टापुढे तशी मागणी करायला सांगा. शिवाय २०२० च्या नियमांत सहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे, पहिल्या दिवसापासून कुटुंबासोबत राहील असं माणूस. आम्हाला ते आहे हेच दीड वर्षानं कळलं, तेही बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंकडून. ठाण्यात तक्रार लिहून घेतानाच आईबापांना हे सांगणं सक्तीचं करा.

"मुलीची जात आहे, कशाला कोर्टकचेरी," असं आमच्या गल्लीत पुष्कळ जण म्हणाले. आम्ही कायद्यावर भरवसा ठेवून गेलो.

पुढची तारीख अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, सकाळी अकराला. त्या दिवसापुरता एक गार्ड आमच्यासाठी ठेवा.

आपला,
एका मुलीचा बाप
नागपूर